चाळीस हजारांचा खोका मागवण्याआधी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी साडेसात वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मुलीला सीनियर केजीनंतर इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढलं, तेव्हापासून दोघांचं होमस्कूलिंग चालू आहे. घरात बोलणं मराठीत. मुलगी गोष्टी ऐकते, सांगते, प्रश्न विचारून भंडावून सोडते. पण पुस्तक पुढे ठेवलं की ते मिटून पळते. ‘पाणी’ असं लिहिलेलं असताना चित्रातला पेला बघून ‘पेला’ म्हणते. ‘कमळ’ वाचताना क, म, ळ सुटंसुटं म्हणते आणि थांबते. व्हॉट्सअॅपवरच्या होमस्कूलिंग गटात मात्र पाच-पाच वर्षांची मुलं इंग्रजीतली जाडजूड पुस्तकं वाचत असल्याचे व्हिडिओ रोज येतात. आईपुढे तीन पर्याय आहेत: अमेरिकेतून मागवायचा एक ‘संपूर्ण’ वाचन-संच, जो कुरिअर आणि कस्टम्स ड्यूटी धरून चाळीस हजारांच्या घरात जातो, एक ब्रिटिश फॉनिक्स माला (अक्षरांचे आवाज जुळवत इंग्रजी वाचायला शिकवणारी पुस्तकं), नाहीतर बालभारतीची पुस्तकं. नवरा म्हणतो, ‘इंग्रजीच घे, मराठी काय, आपोआप येईल.’ सासूबाई म्हणतात, ‘पाटी आणा आणि बाराखडी घोटून घ्या.’ आई विचारते: दोघांना मिळून चालेल असा, पुढे पस्तावायची वेळ येणार नाही असा अभ्यासक्रम कुठला?

ताई,

तीन पर्याय मांडून तुम्ही ‘यातला कुठला’ असं विचारलंत. पण तुमची मुलगी पहिल्यांदा कुठल्या भाषेत वाचणार आहे, हे पत्रात कुठेच नाही. तो निर्णय तुम्ही घेतलेला दिसत नाही. अमेरिकेचा संच आवडला तर इंग्रजी, बालभारती घेतली तर मराठी, असं ते वस्तूबरोबर आपसूक ठरतंय. माझ्या मते हे उलट्या क्रमाने व्हायला हवं. भाषा आधी ठरवा, म्हणजे तुमच्या यादीतला निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

‘मराठी आपोआप येईल’ हे तुमच्या यजमानांचं वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. बोलणं येतं आपोआप. वाचणं येत नाही. पुण्या-मुंबईत अशी कितीतरी हुशार मुलं आहेत, जी आजीशी तासभर फड रंगवतात आणि तिनेच लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी हातात दिली की ‘तूच वाचून दाखव ना’ म्हणतात. मराठी येते म्हणून मराठी वाचन मागे ठेवायचं, हा हिशेबच मला पटत नाही. जी भाषा अंगात मुरलेली आहे, तिच्यातच वाचायला शिकणं सोपं.

का, ते सांगते. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली, ती अजून टिकून आहे. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिपी उलगडून शब्द उच्चारता येणं, आणि ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आता तुमची मुलगी या तराजूत घाला. मराठी ऐकून समजण्यात ती भक्कम आहे. तुम्हीच लिहिलंय की पावसात भिजलेल्या कोंबडीची गोष्ट तिने शेजारणीला शेवट बदलून सांगितली. म्हणजे एक आकडा मोठा आहे, कच्चा आहे तो दुसरा. इंग्रजीत दोन्ही आकडे लहान. अमेरिकन वाचनमालेतल्या सुरुवातीच्या पुस्तकात ‘मिटन’ येतं, ‘स्लेड’ येतं. मोठ्या कष्टाने अक्षरं जुळवून ‘मिटन’ म्हटलं तरी समोर काहीच उभं राहत नाही. अमेरिकेतल्या मुलाच्या डोळ्यांपुढे त्याच्या आजीने विणलेला हातमोजा येतो, तुमच्या मुलीपुढे चार आवाजांचा एक ढिगारा.

घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेचा आणखी एक फायदा असा की ती वाचणाऱ्याला सावरते. मराठी लिपी नियमबद्ध आहे, असं आपण अभिमानाने सांगतो, पण ती सगळी सरळ नाही. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा. ‘जेवण’ आणि ‘जवळ’ यांतला ज वेगळा. लिहायला मात्र एकच अक्षर. पहिली वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. आणि एकटा र घ्या: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायात अडकतो, ‘ट्रक’मध्ये छत्रीसारखा होतो, ‘दुसऱ्या’मध्ये आणखी भलताच. तरी मराठी बोलणारं मूल ‘चाक’ चुकीच्या च ने वाचलं की क्षणभर थांबतं आणि स्वतःच म्हणतं, ‘अगं, चाक!’ शब्द ओळखीचा असतो म्हणून चूक आपली आपण दुरुस्त होते. अनोळखी भाषेत ती दुरुस्ती करायला दर वेळी तुम्ही शेजारी बसायला हव्यात.

आता ‘पाणी’ आणि ‘पेला’. तुम्ही ते काळजीच्या सुरात लिहिलंय, मला ते वाचून बरं वाटलं. ती मुलगी प ओळखते. पानावरच्या खुणांना अर्थ असतो, हे तिला पक्कं कळलंय. चित्राशी आणि पहिल्या अक्षराशी जुळेल असा शब्द ती शोधून काढते. तर्क उत्तम आहे, फक्त तो वाचनाच्या ऐवजी वापरला जातोय. अमेरिकेतल्या कित्येक शाळांत अनेक वर्षं मुलांना हेच मुद्दाम शिकवलं जात होतं: अडलं की चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, अंदाज कर. त्यावर तिकडे गेली काही वर्षं मोठं वादळ उठलंय आणि अनेक राज्यांनी ती पद्धत मोडीत काढलीय. तेव्हा कुठलाही संच हाती घेतलात की त्याचं नमुना पान उघडून पाहा. मुलाने अडल्यावर चित्रावरून ओळखावं असं त्यात सांगितलं असेल, तर तो बाजूला ठेवा, कितीही सुंदर छापलेला असो.

घरी करायचं ते सोपं आहे. चित्रावर एक पुठ्ठा ठेवा. आधी शब्द, मग पुठ्ठा उचलून ‘बरोबर आलं का’ ते बघायचं. चित्र हे उत्तरपत्रिकेसारखं वापरायचं. पहिले काही दिवस ती चिडेल, कारण तिचं चांगलं चाललेलं काम तुम्ही बंद पाडताय. म्हणून एका बैठकीत पाच-सहा शब्दांच्या वर जाऊ नका.

‘कमळ’चा घोटाळा मात्र तिचा नाही, आपल्या शिकवण्याच्या परंपरेचा आहे. आपण म्हणतो, आधी काना-मात्रा नसलेले सोपे शब्द घेऊ. म्हणून ‘कमल, नमन कर’ छापाची वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण कानाने तपासा. मूल क, म, ळ ही अक्षरं अ-सकट शिकलेलं असतं. ती ओळीने म्हटली की होतं ‘क-म-ळअ’. आपण बोलतो तेव्हा शेवटच्या ळ मधला अ गिळून टाकतो. तो गिळायचा, हे मुलाला कोणीच सांगत नाही. याउलट ‘मा’ आणि ‘मा’ एकापुढे एक म्हटले की ‘मामा’ होतोच, काही गिळावं लागत नाही. म्हणजे ज्याला आपण सोपं म्हणतो ते मुलाच्या कानाला अवघड, आणि काना दिलेला शब्द सोपा. सगळी अक्षरं संपल्यावर काना, मग वेलांट्या, मग उकार, या क्रमाने गेलं तर मुलाला अर्थपूर्ण वाक्य वाचायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. इतके दिवस कोण थांबेल?

त्यापेक्षा चार व्यंजनं घ्या: म, क, ल, र. त्यांच्या सोबतीला लगेच काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यात मी, मामा, मामी, काका, काकी, मीरा, मका, कमी, मला, लाल, काल, काम, कार, कमाल इतके शब्द होतात. ‘मामा, मला लाल कार’ हे अख्खं वाक्य होतं, आणि ते कोणत्याही मुलाच्या मनातलं असतं. कान्या-वेलांटीचे शब्द आधी, ‘काल’, ‘लाल’ असे शेवटी अ गिळणारे नंतर, आणि तेव्हा तिला सरळ सांगा: ‘शेवटचं अक्षर आपण अर्धवटच म्हणतो, ऐक.’ ती मराठी बोलते, तिला लगेच पटेल. मग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दोन-तीन नवी अक्षरं आणि एखादी खूण. ण, प, न, ब, स, त ही वारंवार येणारी आधी. ङ, ञ, ऋ यांना अजिबात घाई नाही.

यासाठी विकत काही आणायला नको. लग्नपत्रिकांचे जाड कोरे भाग कापा, एकावर एक अक्षर लिहा. काना, वेलांट्या, मात्रा यांच्या अरुंद पट्ट्या वेगळ्या करा. पहिल्या वेलांटीची पट्टी तिला स्वतःच्या हाताने अक्षराच्या अलीकडे ठेवू द्या. दहा वेळा तोंडी सांगून जे होत नाही ते यातून होतं. सुरुवातीला वाचायला लावूच नका, शब्द बनवायला लावा. ‘मका कर’, आता म च्या जागी क ठेव, काय झालं? ‘काका’ करताना काना किती लागतील? बनवलेला शब्द मूल वाचतंच, कारण तो त्याचा असतो. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरींची पद्धत आदिवासी पाड्यांत नेली, तेव्हा परदेशी लाकडी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं वापरली. काम अडलं नाही.

सासूबाईंच्या बाराखडीला मी नाही म्हणत नाही. क पासून कः पर्यंत सुरात म्हणणं मुलांना आवडतं, आणि एका व्यंजनाला किती खुणा लागतात याचा नकाशा त्यातून डोक्यात बसतो. पण तो नकाशा प्रवास थोडा झाल्यावर उपयोगी. आठ-दहा व्यंजनं आणि चार-पाच खुणा येऊ लागल्या की भिंतीवर बाराखडीचा तक्ता लावा आणि आजीला सूर धरू द्या. पाटीवर घोटणं मात्र थोडंच. पळून जाणाऱ्या मुलीला गिरवायला बसवलं तर पळणं वाढेल.

किती दिवस लागतील? गटातल्या व्हिडिओंवरून हिशेब करू नका. इंग्रजीची अक्षरं सव्वीस, ती सगळी ओळखणारं पाच वर्षांचं मूल व्हिडिओत छान दिसतं. आपल्या लिप्यांत व्यंजनं, स्वर, प्रत्येक व्यंजनाला लागणाऱ्या खुणा आणि वर जोडाक्षरं. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यात अक्षरं पक्की होण्याचं काम पहिलीत संपत नाही, तिसरी-चौथीपर्यंत चालू राहतं, असं दिसलं. कन्नडची रचना आपल्यासारखीच. शिवाय फिनलंडमध्ये मुलं शाळेतच मुळी सातव्या वर्षी जातात. साडेसात वर्षांच्या मुलीला चार शब्द वाचता येत नाहीत म्हणजे ती मागे पडली, हे खरं नाही. तिला अजून नीट, क्रमाने कोणी शिकवलेलं नाही, एवढंच यातून दिसतं. केजीत इंग्रजी अक्षरं, घरी मराठी तक्ता, मध्ये मोबाइलवरचं एखादं अॅप, असं थोडं थोडं सगळं तुमच्या पत्रात आहे. सलग असं एकही नाही.

इथे थोडी सावधगिरीही सांगते. असा सलग, रोजचा पंधरा-वीस मिनिटांचा सराव पाच-सहा महिने होऊनही तिला शिकवलेली अक्षरं पुन्हापुन्हा नवी वाटत असतील, यमक जुळवता येत नसेल, ‘मका’ मधला पहिला आवाज काढून टाकला की काय उरतं हे सांगता येत नसेल, किंवा घरात कुणाला लहानपणी वाचनाचा असाच त्रास झालेला असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या वाचनाच्या अडचणीची, तपासणी. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे ‘डाली’ नावाची चाचणी तयार झालीय आणि ती मराठीतही आहे. ही बाब महत्त्वाची, कारण मराठी बोलणाऱ्या मुलाची डिस्लेक्सिया चाचणी फक्त इंग्रजीत घेतली तर येणारा निकाल मुलाबद्दल कमी आणि इंग्रजीबद्दल जास्त सांगतो. मोठ्या शहरातल्या बालविकास केंद्रात वेळ घेताना ‘मराठीत तपासणी होते का’ असं आधी फोनवर विचारा.

आता इंग्रजीकडे येऊ, कारण यजमानांची काळजी पोकळ नाही. इंग्रजी लागणारच आहे. पण आत्ता ते कानातून जाऊ द्या. रोज थोडा वेळ इंग्रजी गाणी, तुम्ही वाचून दाखवलेलं एखादं सोपं चित्रपुस्तक, स्वयंपाक करताना चार वाक्यं. मराठीत ती काने, मात्रा, वेलांट्या आणि सोपी जोडाक्षरं असलेलं लहान पुस्तक स्वतः वाचू लागली की छापील इंग्रजी सुरू करा. वाचणं म्हणजे आवाज जुळवून अर्थापर्यंत पोचणं, ही युक्ती एकदा कळली की दुसऱ्या भाषेत ती नव्याने शिकावी लागत नाही. फक्त नवी संकेतावली शिकायची उरते.

आणि तिथे मात्र मी तुम्हाला तयार अभ्यासक्रम घ्यायला सांगेन. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चाळीसच्या वर, एका आवाजाला चार-चार स्पेलिंगं. कुठल्या क्रमाने जायचं हे आपल्याला घरबसल्या सुचत नाही, कारण आपण स्वतः बहुतेक पाठ करून शिकलो. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ-समितीने २००० साली जुन्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हाही पद्धतशीर, क्रमवार फॉनिक्स फायद्याचं ठरलं. तुमच्या यादीतली ब्रिटिश माला तेव्हा उपयोगी पडेल. अशा मालांत जॉली फॉनिक्स आपल्याकडे बरंच वापरलं जातं. त्यात बेचाळीस आवाज आहेत आणि सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहांनी होते, म्हणजे सॅट, पिन, टॅप, नॅप लगेच वाचता येतात. आपण म, क, ल, र घेऊन जे केलं तेच हे. कुठलीही माला घ्या, एक गोष्ट तपासा: मुलाला वाचायला दिलेल्या पहिल्या पुस्तकांत फक्त शिकवून झालेल्या आवाजांचेच शब्द आहेत का? दुसरं, सगळा संच घेऊ नका. पहिलं पुस्तक आणि शिक्षकांसाठीची पुस्तिका पुरे. तिसरं माझं वैयक्तिक मत: अॅपवर शिकवणाऱ्या माला टाळाव्यात, कारण मूल कुठे अडतंय ते अॅपला कळतं, तुम्हाला नाही.

अमेरिकन खोक्याबद्दल दोन शब्द. तो वाईट असतो असं नाही. शिकवताना काय बोलायचं ते वाक्यन्‌वाक्य छापलेलं असतं, दमलेल्या आईला त्याचा मोठा आधार वाटतो. पण त्यात वाचनाबरोबर व्याकरण, स्पेलिंग, चित्रकला, हवामानाचे तक्ते सगळं बांधून येतं, आणि आपण ज्याचे पैसे देतो त्यातलं निम्मं तरी दुसऱ्या देशाच्या पावसाळ्या-हिवाळ्याचं असतं. तिकडे होमस्कूलिंग वाढवण्यात ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे कितीतरी संचांत बायबलमधले उतारे वाचनपाठ म्हणून येतात. कुणाला ते चालेल, कुणाला नाही. पण खोका उघडल्यावर कळण्यापेक्षा आधी ठाऊक असलेलं बरं. आणि शेवटी, चाळीस हजार खर्चल्यावर तो संच मुलीला मानवत नसेल तरी तुम्ही तो रेटणार. पैसे वसूल करायची आपली सवय मुलांच्या मानेवर बसते.

हे सगळं मी तुमच्या घरापुरतं सांगतेय. न्यू जर्सीत किंवा डब्लिनमध्ये राहणारं मराठी कुटुंब हे वाचत असेल तर त्यांचं गणित उलटं. तिथे रस्ता, दुकान, वाचनालय, मित्र सगळे मिळून इंग्रजी वाचनाला हात देतात. त्या मुलांनी आधी इंग्रजी वाचलं तर काही बिघडत नाही. घरी जपावी लागते ती मराठी, आणि तिथे अक्षरांच्या आधी बोलण्याची भर घालावी लागते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत भरतात, त्यांचा उपयोग जरूर करावा. तसंच, वर्षभरात मुलीला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत परत घालायचं पक्कं असेल तर माझी ‘आधी मराठी’ची घडी सैल करावी लागेल; दोन्ही समांतर, पण दिवसाच्या वेगळ्या वेळांना.

अक्षरांचं काम वीस मिनिटांचं. तुम्ही अभ्यासक्रम म्हणून जे शोधताय त्यातला मोठा भाग पुढचा आहे, आणि त्याला अभ्यासक्रम लागत नाही. लिपी क्रमाने शिकवावी लागते. गोष्टी क्रमाने ऐकवाव्या लागत नाहीत. रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवा, आणि ते पुस्तक मुलीला स्वतः वाचता येईल त्याच्या दोन-तीन पायऱ्या वरचं असू द्या. इथे दोन्ही मुलं एकत्र चालतील. ‘दोघांना मिळून एक’ अभ्यासक्रम हवा असेल तर तो हाच. मुलाला अक्षरं शिकवायला मुद्दाम बसवू नका. तो पत्रिकांच्या तुकड्यांशी खेळत असेल तर खेळू द्या. मात्र बहिणीच्या आधी त्याने शब्द वाचला तर टाळ्या वाजवू नका. पाच वर्षांच्या भावाने मागे टाकणं साडेसात वर्षांच्या मुलीला फार झोंबतं, आणि त्या घावातून पुस्तकाचा तिटकारा वर्षानुवर्षं निघत नाही.

होमस्कूलिंगच्या गटांत शार्लट मेसनचं नाव सारखं येतं, तुमच्याही पत्रात आहे. १८४२ ते १९२३ या काळातली ही इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ. तिच्या नावाचे महागडे संच निघालेत, पण तिची मुख्य युक्ती फुकट आहे: चांगलं लेखन एकदाच वाचून दाखवायचं आणि मुलाला म्हणायचं, आता तू सांग. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. तुमची मुलगी कोंबडीची गोष्ट शेजारणीला सांगते तेव्हा तेच चाललेलं असतं. सासूबाईंना या कामावर बसवा. त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यातली एक मुलीला तोंडपाठ झाली की मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा. पाठ असलेला मजकूर बोट ठेवून वाचताना मुलं जोडाक्षरांशी आपोआप ओळख करून घेतात.

पुस्तकांसाठी: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या असंख्य गोष्टी फुकट आहेत, चार पातळ्यांत. पण पातळी लांबीवरून आणि गोष्टीवरून ठरते, अक्षरांवरून नाही. पहिल्या पातळीतही जोडाक्षरं भेटतात. त्यामुळे त्या आधी वाचून दाखवायला घ्या, स्वतः वाचायला नंतर. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवरून उतरवून ठेवा. ती वर्गासाठी लिहिलेली असल्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चालवायची गरज नाही, कविता आणि छोटे उतारे घ्या. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात; एक-दोन वर्षांनी मुलगी न अडखळता वाचू लागली की तो खजिना उघडा. त्याच सुमारास माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’, बालगटाचे दोन भाग. मराठी साहित्यातले निवडक उतारे आणि सोबत चित्रकारांची चित्रं आहेत. एका बैठकीत एकच उतारा घ्यावा असं ते पुस्तक आहे. शिवाय तुमच्या तालुक्याला सार्वजनिक वाचनालय असणार, बालविभाग असो वा नसो. मुलीच्या नावाने वर्गणी भरा आणि पुस्तक तिला निवडू द्या. तिने मोटारींचं कॅटलॉग उचललं तरी.

दिवाळीत येणारे पाहुणे ‘काय गं, शाळेत जात नाहीस, वाच बघू हे’ म्हणतात, त्यांचं काय करायचं असंही विचारलंत. आधी फोन करून सांगा. आपल्याकडे हे जरा उद्धट वाटतं, पण चालेल. आणि तरी कोणी वर्तमानपत्र पुढे केलंच तर ‘काका, ती गोष्ट छान सांगते, ती ऐका’ म्हणून विषय वळवा. परीक्षा घ्यायचा हक्क त्यांना कोणी दिलेला नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा धसका: चुकीचा अभ्यासक्रम घेतला तर पुढचे दरवाजे बंद होतील का? नाहीत होत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या सहा वर्षांवरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही आहे. शाळेत जायचंच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, दहावीच्या बरोबरीची परीक्षा घेते. त्यासाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत आणि मराठी माध्यमही उपलब्ध आहे. त्याआधी मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत: अ तिसरीच्या बरोबरीची, ब पाचवीच्या, क आठवीच्या. यातल्या कुठेही ‘वाचायला कुठल्या संचातून शिकलात’ असं विचारत नाहीत. एक साधी वही मात्र ठेवा: तारीख, वाचून दाखवलेल्या पुस्तकाचं नाव, त्या आठवड्यात घेतलेली अक्षरं, मुलीच्या हातचा एखादा कागद चिकटवलेला. शाळेत प्रवेश घ्यायची वेळ आली तर जन्मदाखला आणि आधार कार्डाबरोबर ती घेऊन जा. मुख्याध्यापकांना कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला सोपं जाईल.